सैनिकाचे मन आणि महसुली दप्तर

बेंगळूरुत नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला हे शहर संगणकाचे शहर म्हणून ठाऊक असते. व्हाइटफील्ड, इलेक्ट्रॉनिक सिटी आणि या दोहोंच्या मध्ये तुंबलेली वाहतूक, एवढीच त्याची ओळख. पण शहराचा नकाशा जरा निरखून पाहिला तर मधोमध मोठमोठे हिरवे तुकडे दिसतात आणि तिथे रस्ते एकाएकी थांबतात. ती जमीन संरक्षण खात्याची. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रजांनी हलसूरच्या बाजूला छावणी वसविली, तेव्हापासून हे लष्कराचेही शहर आहे. हलसूर तलावाजवळ मद्रास इंजिनिअर ग्रुप आहे. याखेरीज आर्मी सर्व्हिस कोअरचे केंद्र आहे, पॅराशूट रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र आहे, जालहळ्ळीला हवाई दलाचा तळ आहे आणि जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर हवाई दलाचे कमांड हॉस्पिटल आहे.

याच शहरात होसूर रस्त्यावर निमहान्स ही संस्था आहे. जुने म्हैसूर संस्थानचे मनोरुग्णालय, त्याच्या शेजारी १९५४ साली स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आणि १९७४ साली या दोहोंचे झालेले एकत्रीकरण, असा तिचा इतिहास. या संस्थेची एक पद्धत मला नेहमीच शहाणपणाची वाटत आली आहे. रुग्णाबरोबर त्याच्या घरच्या माणसालाही ठेवून घ्यायचे, कारण आजार रुग्णाचा असला तरी तो घरात वाढतो आणि बरा व्हायचा तर घराच्या मदतीनेच होतो, हा त्यामागचा विचार.

माझी सेवेतील बहुतेक वर्षे कर्नाटकात गेली व निवृत्तीनंतर मी इथेच राहिलो. छावणी आणि निमहान्स या दोन्ही ठिकाणांशी माझा कामानिमित्त संबंध आला, पण या दोहोंचा एकमेकींशी काही संबंध असेल असे पुष्कळ वर्षे शहराला वाटत नसावे. तो संबंध अलीकडे एका टेलिफोन क्रमांकाने जोडला गेला. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय दूरमानस कार्यक्रमाची घोषणा झाली आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली-मानस' ही सेवा सुरू झाली. तिचे शीर्षस्थ केंद्र निमहान्स आणि तांत्रिक बाजू सांभाळणारी संस्था बेंगळूरुचीच ट्रिपल आयटी. क्रमांक १४४१६. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालय आणि आरोग्य मंत्रालय यांच्यात करार झाला आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या ए.एफ.एम.सी.त, केवळ सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेली-मानसचा विशेष कक्ष दोन वर्षांच्या प्रयोगासाठी मंजूर झाला. दोन मंत्रालयांनी एका टेलिफोनसाठी एकत्र बसावे ही घटना दिल्लीत वाटते तितकी सोपी नसते, म्हणून तिची नोंद घेतली पाहिजे.

या कराराची गरज का भासली? संरक्षण राज्यमंत्र्यांनी २०२२ साली राज्यसभेत दिलेल्या लेखी उत्तरानुसार त्याआधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांतील ८१९ जणांनी आत्महत्या केल्या. त्यात भूदलाचे ६४२, हवाई दलाचे १४८ आणि नौदलाचे २९. निमलष्करी दलांचा आकडा गृह मंत्रालय वेगळा देते. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांसाठी तो ६५४ आहे.

आकडे वाचताना थोडी सावधगिरी बाळगावी लागते. भूदलाचे ६४२ पाच वर्षांत विभागले की वर्षाला साधारण १२८ होतात. सुमारे बारा लाखांच्या सैन्यात हे प्रमाण लाखामागे दहा-अकरा भरते. २०२२ साली देशाचे प्रमाण लाखामागे १२.४ होते आणि आत्महत्यांच्या एकूण संख्येत आपला महाराष्ट्र २२,७४६ या आकड्यासह पहिल्या क्रमांकावर होता. तेव्हा सैन्यात काही भयंकर अनर्थ चालला आहे असे म्हणता येत नाही. काही अधिकारी याच आकड्याच्या आधारे विषय संपवितातही. परंतु ही तुलनाच मुळी बरोबरीची नाही. सैन्यात घेतलेला माणूस शरीराने व मनाने तपासून, निवडून घेतलेला असतो. त्याला नियमित पगार आहे, दोन वेळचे जेवण आहे, डॉक्टर हाताशी आहे, शेजारी सतत सोबती आहेत. एवढे सगळे असूनही प्रमाण जवळपास देशाइतकेच राहत असेल तर विचार करण्याजोगे काहीतरी आहेच.

संसदेतील अशा उत्तरांत कारणे म्हणून कौटुंबिक प्रश्न, वैवाहिक कलह, ताण आणि आर्थिक अडचणी यांचा उल्लेख दर वेळी येतो. उपायांची यादीही ठरलेली असते. समुपदेशकांची नेमणूक, योगवर्ग, रजेचे उदार धोरण, राहण्याची व जेवणाची चांगली सोय, तक्रारी ऐकण्याची व्यवस्था, मदतीचा टेलिफोन. हे सर्व उपाय चांगले आहेत आणि तुकड्यांमध्ये ते प्रामाणिकपणे केलेही जातात. पलटणीतील धर्मगुरूंना समुपदेशनाचे शिक्षण देतात, तुकडीप्रमुखाचा दरबार भरतो, प्रत्येक जवानाला एक जोडीदार नेमलेला असतो. पण यादी पुन्हा वाचून पाहावी. कारणांतील पहिले कारण घरचे आहे आणि उपाय जवळजवळ सगळे छावणीतले आहेत. यादीच्या तळाशी कधी कधी एक ओळ असते, की सैनिकांच्या तक्रारींची जिल्हा पातळीवर तातडीने दखल घ्यावी म्हणून संरक्षणमंत्र्यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्रे लिहिली आहेत. ही ओळ वाचली की मी थांबतो, कारण ते पत्र पुढे ज्या टेबलावर येऊन पोहोचते त्या टेबलामागे मी बसलेलो आहे.

जिल्ह्याचा प्रमुख हा जिल्हा सैनिक मंडळाचा पदसिद्ध अध्यक्ष असतो. कर्नाटकात त्याला उपायुक्त म्हणतात, महाराष्ट्रात जिल्हाधिकारी. सैनिक मंडळाचा सचिव निवृत्त लष्करी अधिकारी असतो. बैठकीची कार्यपत्रिका बहुधा ध्वजदिन निधीचे उद्दिष्ट, माजी सैनिकांच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि विश्रामगृहाची दुरुस्ती यांनी भरलेली असते. एका सीमावर्ती जिल्ह्यात मी या पदावर असताना सचिव म्हणून एक निवृत्त लेफ्टनंट कर्नल होते. शांत, नेमके बोलणारे. एका बैठकीत विषय संपल्यावर त्यांनी पत्रांचा एक गठ्ठा पुढे ठेवला. निरनिराळ्या पलटणींच्या प्रमुखांनी आपल्या जवानांच्या जमिनीच्या तक्रारींबाबत आमच्या कार्यालयाला लिहिलेली ती पत्रे होती. सर्वांना उत्तरे गेलेली होती.

अशा पत्राचा प्रवास ज्यांनी सरकारी कचेरीत काम केले आहे त्यांना सांगायला नको. पत्र टपालात येते, आवक क्रमांक पडतो, महसूल शाखेचा लिपिक ते 'वस्तुस्थितीचा अहवाल सादर करावा' म्हणून तहसीलदारांकडे धाडतो, तेथून ते महसूल निरीक्षकाकडे आणि तेथून गावकामगाराकडे जाते. मग तोच मार्ग उलटा. चार-सहा महिन्यांनी पलटणीला उत्तर जाते: 'सदर प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असल्याने अर्जदाराने सक्षम न्यायालयात दाद मागावी.' या वाक्यात कायद्याच्या दृष्टीने चूक काढणे कठीण आहे. ते लिहिणाऱ्याने कामचुकारपणाही केलेला नसतो. नोंद निकाली निघालेली असते.

कर्नलसाहेबांनी गठ्ठ्यातील एक पत्र मला वाचायला दिले. ईशान्येत कुठेतरी तैनात असलेल्या पलटणीकडून आलेले. पत्ता नेहमीप्रमाणे फक्त 'द्वारा ९९ एपीओ'. पहिल्या परिच्छेदात सर्व्हे नंबर, क्षेत्र, चुलत्याने बांध कोरल्याची व वडिलांच्या मृत्यूनंतर वारसाची नोंद अडविल्याची हकीकत. दुसरा परिच्छेद तीन ओळींचा होता. हा हवालदार गेले दोन महिने कोणाशी बोलत नाही, जेवण टाळतो, झोपत नाही, त्यामुळे त्याला तूर्त शस्त्राच्या कामावरून दूर ठेवले आहे, तरी प्रकरणात लक्ष घालावे ही विनंती. आमच्या कार्यालयात कोणीतरी त्या पत्रावर लाल पेन्सिलीने खूण केली होती. खूण पहिल्या परिच्छेदातील सर्व्हे नंबरखाली होती.

यात नवल काही नाही. महसुली लिपिकाची नजर सर्व्हे नंबरच शोधते, तसेच तिला शिकविलेले असते. डॉक्टरच्या हाती हेच पत्र गेले असते तर त्याने दुसऱ्या परिच्छेदाखाली खूण केली असती आणि पहिला सोडून दिला असता. पत्र लिहिणाऱ्या तुकडीप्रमुखाला मात्र हे दोन्ही परिच्छेद एकाच दुखण्याचे आहेत हे कळले होते, म्हणून त्याने ते एका कागदावर लिहिले.

पुढे भूमापक, नायब तहसीलदार आणि गावकामगार एकाच दिवशी गावात गेले. मोजणी, पंचनामा आणि जबाब मिळून एक सकाळ लागली. सरकलेला बांध दोन गुंठ्यांहून अधिक नव्हता. वारसाच्या नोंदीवरची हरकत निकालात निघाली. मोजणीच्या नकाशाची प्रत पलटणीला पाठविली. वर्षभराने हवालदार रजेवर आला तेव्हा कार्यालयात भेटायला आला होता. फार काही बोलला नाही. एवढेच म्हणाला, "रोज रात्री आईचा फोन यायचा साहेब. ती रडायची आणि मग पहाटेपर्यंत मी तेच मोजत बसायचो." काय मोजत बसायचा हे मी विचारले नाही.

त्याच्या या बोलण्यातील फोनचा उल्लेख मला महत्त्वाचा वाटतो. पूर्वी घरची चिंता इनलँड पत्रातून ५६ किंवा ९९ एपीओच्या पत्त्यावर पंधरा-वीस दिवसांनी पोहोचत असे. तोवर गावात भांडण मिटलेले तरी असे, नाहीतर इतके जुने झालेले असे की त्याची धार गेलेली असे. शिवाय पत्र लिहिणारा किंवा लिहून देणारा माणूस लिहिता लिहिता थोडे गाळत असे. मोबाइलने हे अंतर नाहीसे केले. आता बांधावर सकाळी झालेली शिवीगाळ रात्री नऊ वाजता सीमेवरच्या बंकरमध्ये ऐकू येते, आणि ऐकणाऱ्याच्या हातात करण्यासारखे काहीही नसते. त्याला वर्षाकाठी साठ दिवसांची वार्षिक आणि तीस दिवसांची नैमित्तिक रजा असते हे खरे. पण ती कधी मिळेल हे सीमेवरील परिस्थितीवर ठरते, आणि मिळाली की निम्मी तहसील कचेरीच्या ओट्यावर जाते. त्यातही साहेब दौऱ्यावर असतात.

आपण गाव सोडून आलेल्या मंडळींना हे लवकर कळावे. भाऊबंदकीचा फोन आपल्यालाही येतो. फरक इतकाच की आपण शनिवारी रात्रीची बस धरून सोमवारी कचेरीत उभे राहू शकतो. अमेरिकेतला मुलगासुद्धा मुखत्यारपत्र करून पाठवितो.

फेरफाराच्या नोंदीची रीत पाहू. नोंद घालण्यापूर्वी हितसंबंधी व्यक्तींना नोटीस द्यावी लागते. महाराष्ट्रात हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, आणि माझ्या सेवेच्या काळात कर्नाटकात तीस दिवस मिळत. कर्नाटकाने 'भूमी' प्रकल्पात दोन कोटींच्या आसपास पहाणी उतारे संगणकावर आणले, त्याचे कौतुक जगभर झाले आणि ते रास्तही होते. पण संगणकाने मुदत मोजण्याचे काम अधिक काटेकोर केले. मुदत उलटली की नोंद पुढे सरकते. नोटीस घरी आईच्या हातात पडते, आईला वाचता येत नाही, आणि मुलगा सियाचिनच्या पायथ्याशी असतो.

यावर कायदा नाही असे कोणी समजू नये. भारतीय सैनिक (दावे) अधिनियम, १९२५ हा कायदा आजही लागू आहे. पहिल्या महायुद्धात आपल्या भागातून किती माणसे गेली हे साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला विचारावे, ज्याच्या नावालाच 'मिलिटरी' चिकटले आहे. युद्धावर गेलेल्या माणसामागे त्याच्या जमिनीचे दावे एकतर्फी निकाली निघू नयेत म्हणून १९१८ साली एक कायदा झाला आणि त्याच्या जागी १९२५ चा आला. युद्धपरिस्थितीत, परदेशात किंवा शासनाने अधिसूचित केलेल्या ठिकाणी सेवेत असलेल्या सैनिकाविरुद्धचा दावा न्यायालयाने स्थगित ठेवावा, विरुद्ध बाजूने दाव्यातच प्रतिपक्ष सैनिक असल्याचे नमूद करावे, त्याच्या बाजूने कोणी हजर नसेल तर जिल्हाधिकाऱ्याने न्यायालयाला तसे प्रमाणपत्र पाठवावे, आणि सेवेचा हा काळ मुदतीच्या हिशोबातून वगळावा, असे त्याचे सार आहे. 'न्यायालय' या शब्दात महसुली न्यायालयेही येतात. शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारला जी गोष्ट सुचली ती कागदावर आजही शाबूत आहे. मात्र माझ्या संपूर्ण सेवेत असे प्रमाणपत्र मागायला आलेला एकही वकील मला भेटला नाही, आणि प्रशिक्षण संस्थेत हा कायदा कोणी शिकविला नाही. शिवाय त्यात एक फट आहे. गावकामगारापुढची फेरफाराची नोंद म्हणजे दावा नव्हे. तेथे हा कायदा पोहोचत नाही, आणि सैनिकाचे बहुतेक नुकसान नेमके तेथेच होते.

सैनिकाच्या अनुपस्थितीचे भान आपल्या जमीनविषयक कायद्यांना अन्यत्र होतेच. कर्नाटकात शेतजमीन खंडाने देण्यास बंदी झाली तेव्हा सैनिक व खलाशी यांना त्यातून सूट ठेवली गेली. महाराष्ट्राच्या कूळकायद्यातही सैन्यातील माणसासाठी वेगळ्या तरतुदी आहेत. तेव्हा ज्या खातेदाराच्या नावापुढे 'सेवारत सैनिक' अशी खूण आहे त्याच्या सर्व्हे नंबरावरील कोणतीही नोंद सैनिक मंडळाला कळविल्याशिवाय पुढे सरकू नये, एवढी व्यवस्था संगणकात करणे अवघड नाही. ज्या संगणकाने मुदत काटेकोर केली तोच हेही करू शकेल.

२६ जुलै २०२५ रोजी, कारगिल विजयदिनी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने श्रीनगर येथे 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली. सैनिक मंडळांच्या कार्यालयांत विधी सल्ल्याची केंद्रे उघडावीत आणि जवान सीमेवर असताना त्याच्या घरच्या दाव्यांत वकील उभा राहावा, हा तिचा उद्देश. मनोविकारांशी तिचा संबंध कोणत्याही परिपत्रकात जोडलेला नसेल. माझ्या मते मात्र गेल्या काही वर्षांत सैनिकांच्या आत्महत्या रोखण्यासाठी टेली-मानसच्या बरोबरीने महत्त्वाचे असे जे पाऊल पडले ते हेच.

आता दुसरी बाजू. सगळी दुखणी बांधाची नसतात. काहींना खरोखरच आजार असतो, उपचार लागतात, औषध लागते आणि त्याने माणूस बरा होतो. इथे अडचण वेगळी आहे. लष्करात प्रत्येकाची वैद्यकीय प्रतवारी 'शेप' या पाच इंग्रजी अक्षरांनी होते, आणि त्यातील पहिले अक्षर एस हे मनाचे. बाकीची अक्षरे कान, हातपाय, शरीरप्रकृती आणि डोळे यांची. गुडघा दुखावला म्हणून प्रतवारी उतरली तर सोबती विचारपूस करतात. एस उतरला तर आवाज खाली जातो. बढती, अभ्यासक्रम, नेमणूक या सर्वांवर प्रतवारीचा परिणाम होतो. मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविताना तुकडीप्रमुखाचा अहवाल जोडावा लागतो, त्याला एएफएमएसएफ-१० हा फॉर्म आहे. वैद्यकीय दृष्टीने हा फॉर्म उपयुक्तच आहे, कारण माणूस रोज कसा वागतो हे डॉक्टरपेक्षा तुकडी अधिक जाणते. पण झोप लागत नाही एवढे सांगायला जाणाऱ्या जवानाला तो फॉर्म आधी दिसतो.

अमेरिकेने यावर २०२३ साली एक उपाय अमलात आणला. आपल्या एका नौसैनिकाच्या आत्महत्येनंतर झालेल्या 'ब्रँडन कायद्या'नुसार सैनिकाने नुसती इच्छा सांगितली की वरिष्ठाने कारण न विचारता, शक्य तितक्या गुप्ततेने त्याला तपासणीसाठी पाठवावे लागते. तेथे जुलै २०२२ पासून ९८८ हा तीन आकडी क्रमांक आहे, आणि त्यावर १ दाबले की माजी सैनिकांसाठीच्या माणसाशी बोलणे होते. आपल्याकडे १४४१६ चा मुलकी क्रमांक आणि ए.एफ.एम.सी.चा लष्करी कक्ष अशी दोन दारे झाली ती म्हणूनच बरी. कोणाला गणवेश समजणारा माणूस हवा असतो, कोणाला गणवेशाबाहेरचा. दोन्ही दारे उघडी ठेवावीत.

कायद्याची भाषाही अजून एकसारखी झालेली नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ म्हणतो की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे, तिच्यावर खटला भरू नये, आणि तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ आले नाही. लोकसेवकाला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच गुन्हा राहिला. मात्र लष्कर अधिनियम, १९५० च्या कलम ६४ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न हा अपराध म्हणून लिहिलेला आहे. शिस्तीची गरज मी नाकारत नाही. पण ज्या प्रसंगी मुलकी कायदा काळजी घेण्यास सांगतो त्याच प्रसंगी लष्करी कायदा आरोपपत्राची भाषा बोलतो, ही विसंगती आता काढून टाकायला हवी.

आणि मागे राहणाऱ्यांचे काय? ऑक्टोबर २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरमधील एका तरुण अग्निवीराच्या मृत्यूनंतर वाद झाला, तेव्हा लष्कराने निवेदन काढून सांगितले की स्वतः करून घेतलेल्या इजेने मृत्यू आल्यास १९६७ च्या आदेशानुसार लष्करी इतमामात अंत्यसंस्कार होत नाहीत, आणि २००१ पासून दरवर्षी सरासरी १०० ते १४० जवान अशा रीतीने जातात. कुटुंबाला नियमाप्रमाणे देय असलेली आर्थिक मदत मिळतेच, असेही त्यात होते. नियम जुना आहे आणि सर्वांना सारखा आहे. पण गावात तो कसा पोहोचतो ते मी पाहिले आहे. शहीद जवानाच्या घरी पालकमंत्री येतात, शाळेला नाव देण्याचा ठराव होतो. या दुसऱ्या घरी कोणी येत नाही. त्या घरची एक तरुण स्त्री निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी सैनिक मंडळात आली होती. सासऱ्याने तिला फाटकाशीच थांबायला सांगितले व स्वतः आत आला. मृत्यूच्या दाखल्यावरील कारण लिपिकाने मोठ्याने वाचू नये, एवढीच त्याची विनंती होती. सैनिक मंडळाला यासाठी कोणताही नवा निधी लागत नाही. एक बंद खोली आणि आवाज खाली ठेवणारा लिपिक पुरतो. वीरनारींच्या मेळाव्याचे निमंत्रण या स्त्रीला जाते का, हा प्रश्न मी तेव्हा कर्नलसाहेबांना विचारला. त्यांनी त्यानंतर निमंत्रणाची यादी स्वतः लिहिण्यास सुरुवात केली.

सेवेतून बाहेर पडल्यावरचा काळही यात धरला पाहिजे. शिपाई पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आत निवृत्त होतो. बेंगळूरुतील मोठ्या कंपन्यांच्या फाटकांवर रात्रपाळी करणारे असे कितीतरी माजी सैनिक आहेत, आणि त्यांत आपले कोल्हापूर-साताऱ्याकडचेही आहेत. बायको-मुले गावी, आणि इथे चौघांत एक खोली. पलटणीत जोडीदार होता, दरबार होता, धर्मगुरू होता. इथे फक्त हजेरीपट आहे. उपचारांसाठी माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना २००३ पासून आहे, पण पॉलिक्लिनिकमध्ये लोक रक्तदाब दाखवायला जातात. झोप येत नाही हे सांगायला जात नाहीत.

आमच्या ओळखीच्या एका गृहसंकुलात असाच एक निवृत्त नायक रखवालीला आहे. माझी मराठी ऐकून तो बोलू लागला. मी टेली-मानसविषयी लिहितो आहे म्हटल्यावर त्याने क्रमांक विचारला आणि वाहनांच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर तो उतरवून घेतला. स्वतःसाठी नको, बरोबरच्या एकासाठी हवा, असे म्हणाला. मराठीत बोलता येते का, हे त्याने विचारले. येते, वीस भाषांत सोय आहे, असे मी सांगितले. पैसे लागत नाहीत आणि बोललेले गुप्त राहते, हेही सांगितले. मग तो जरा थांबून म्हणाला, "रात्री दोन-अडीचला कोणी असतं का तिकडे?" चोवीस तास असते, असे मी म्हणालो. त्याने क्रमांकापुढे तेही लिहून ठेवले.